मधाच्या चवी आणि साठवण: अनुभव आणि माहिती हवी आहे

रानजाई
नमस्कार मंडळी,
मधाला नुसतं 'गोड' म्हणणं मला दिवसेंदिवस अपुरं वाटायला लागलंय. सध्या माझ्याकडे अकेशियाचा, कनोलाचा (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक), चेस्टनटचा, बकव्हीटचा (कुट्टू) आणि नुसतंच 'जंगली' असं लेबल लावलेला, असे मध आहेत. अकेशियाचा स्वच्छ, फिकट, वासाला अगदी सौम्य. चेस्टनटचा आधी गोड लागतो आणि गिळल्यावर घशात कडसर चव रेंगाळते. बकव्हीटचा काळपट; झाकण उघडलं की थेट गोठा आठवतो. घरचे नाक मुरडतात, मला मात्र तोच सगळ्यांत जास्त आवडतो.

आता प्रश्न. कनोलाचा मध बघता बघता घट्ट पांढरा झाला आणि अकेशियाचा वर्ष उलटलं तरी पातळच आहे. यातला भेसळीचा कोणता? जंगली मधावर फेस आलाय आणि झाकण उघडताना फुस्स होतं, तो टाकून द्यायचा का? आणि साठवणीचं नक्की काय पाळायचं? फ्रिज की बाहेर, काच की प्लास्टिक? मध कधीच खराब होत नाही म्हणतात, मग बाटलीवर तारीख कशाला छापतात?

सुतारपक्षी
भेसळ दोन्हींत असेलच असं नाही. मध साखरतोच. फेसवाला मात्र आंबलाय. जाणकार येतीलच, मी पुढची जागा पकडून बसलोय :)

मोहोळ
मधपेट्या सांभाळण्यात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा खेळ पाण्याचा आहे. माशी फुलातून आणते तो मकरंद, आणि त्यात बहुतेकदा निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पोळ्यात माश्या तो एकमेकींच्या तोंडी देतात, घरांमध्ये पातळ पसरवतात, रात्ररात्र पंखांनी वारा घालतात. पाणी १८ टक्क्यांच्या आसपास उतरलं की मेणाची टोपी घालून घर बंद. फ्रेम, म्हणजे पेटीतली पोळ्याची चौकट, उचलली की आम्ही आधी बंद घरं किती ते बघतो. उघडी घरं बरीच असतील तर फ्रेम आडवी धरून एक झटका द्यायचा. थेंब उडाले तर मध अजून पिकलेला नाही. फ्रेम निमूटपणे परत ठेवायची आणि थांबायचं.

घाई करून असा कच्चा मध काढला की रानजाईताईंच्या जंगली बाटलीसारखं होतं. इतक्या दाट साखरेतही तगून राहणारे यीस्ट मधात मुळातच असतात. पाणी १७ टक्क्यांच्या खाली असेल तर त्यांना काहीच करता येत नाही. १९-२० च्या वर गेलं की मध फसफसायला लागतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात पाण्याची कमाल मर्यादा २० टक्के आहे ती याचसाठी. फक्त हेदर नावाच्या झुडपाच्या मधाला २३ टक्क्यांपर्यंत सूट आहे. आग्या माशीचं पोळं उघड्यावर लटकतं, दमट हवेत तिचा मध बऱ्याचदा पातळच मिळतो, त्यामुळे 'जंगली' नावाखाली येणाऱ्या मधात आंबण्याचा धोका जास्त.

त्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवू नका, आत वायू साठून दाब वाढतो.

टिटवी
@रानजाई, गोठ्याचा वास अगदी बरोबर पकडलात! बकव्हीटच्या मधात ३-मिथाइलब्युटानाल नावाचं संयुग भरपूर असतं, त्याचा माल्टकडे झुकणारा उग्र वास येतो. संत्र्या-लिंबाच्या बागेतल्या मधात मिथाइल अँथ्रानिलेट असतं. द्राक्षाचा कृत्रिम स्वाद बनवायला हेच वापरतात, म्हणून काहींना संत्र्याच्या मधात द्राक्ष सापडतं. लिंडनच्या मधाला पुदिन्याचा गारवा असतो.

मध चाखायची माझी पद्धत सांगते. फिकट मधापासून सुरुवात करून गडदाकडे जायचं, उलट केलं तर अकेशियाची चवच कळत नाही. अर्धा चमचा मध छोट्या काचेच्या पेल्यात घ्यायचा, कडेला फासायचा, आणि आधी नुसता वास घ्यायचा. मग नाक चिमटीत धरून मध जिभेवर पसरवायचा. एवढ्यात फक्त गोड, आंबट आणि कडू कळतं. आता नाक सोडा. फूल, लाकूड, धूर, काकवी, जे काही आहे ते एकदम वर येतं. मधाची ओळख जास्त करून नाकानेच होते.

फुलांचा नसलेलाही मध असतो हे माहीत आहे का? मावा कीड झाडाचा रस शोषते आणि अंगातून गोड द्रव बाहेर टाकते. माश्या तो गोळा करून त्याचा मध करतात. त्याला हनीड्यू मध म्हणतात, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचा प्रसिद्ध आहे. रंग गडद, गोडी कमी, खनिजं जास्त. जमलं तर जरूर मिळवा.

आणि हेदरचा मध बाटलीत जेलीसारखा थिजलेला असतो, ढवळला की पातळ होतो, ठेवला की परत थिजतो. त्यातल्या प्रथिनांचा हा प्रताप.

कंदील
सगळं ठीक आहे, पण भेसळीचं काय? आम्ही तरी काडी मधात बुडवून पेटवून बघतो. पेटली तर शुद्ध. शिवाय पाण्यात थेंब टाकायचा, तळाशी जाऊन बसला तर अस्सल.

उंबर
@कंदील, राग मानू नका, पण या दोन्ही चाचण्यांवर विसंबू नका. मी अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते. काडी पेटते ती मधात पाणी कमी असतं म्हणून. साखरेचा दाट पाक केलात तर त्यात बुडवलेली काडीही पेटेल. थेंब तळाशी जातो तो दाटपणामुळे. उलट अस्सल पण जरा पातळ मध या परीक्षेत नापास होईल.

खरी तपासणी अवघड आहे. मका आणि ऊस या सी-४ गटातल्या, म्हणजे हवेतला कार्बन वेगळ्या रीतीने घेणाऱ्या वनस्पती. त्यांच्या साखरेत कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं असतं, म्हणून त्यांची भेसळ समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) चाचणीत सापडते. तांदूळ आणि बीट सी-३ गटातले, म्हणजे माश्या जिथे जातात त्या बहुतेक फुलझाडांच्याच गटातले. त्यांचा पाक मिसळला तर ही चाचणी फसते, तिथे एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूंची ओळख पटवणारी तपासणी, लागते. घरच्या ओट्यावर यातलं काहीच होत नाही. ज्याच्या पेट्या आपण बघितल्या आहेत अशा माणसाकडून घेणं, हा मला त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग वाटतो.

आता साखरण्याबद्दल. मधात मुख्य साखरा दोन: फ्रुक्टोज साधारण ३८ टक्के, ग्लुकोज ३१ टक्के. फ्रुक्टोज पाण्यात विरघळून राहतं. ग्लुकोजला तेवढं पाणी पुरत नाही, म्हणून त्याचे स्फटिक होतात. कनोला, मोहरी, सूर्यफूल यांच्या मधात ग्लुकोजचा वाटा मोठा, ते चटकन गोठतात. अकेशिया नावाने विकला जातो तो मध खरं तर रॉबिनियाच्या झाडाचा. त्यात फ्रुक्टोज जास्त, म्हणून तो वर्षानुवर्षं पातळ राहू शकतो. तुमच्या दोन्ही बाटल्या आपापल्या जातीप्रमाणेच वागताहेत.

साखरलेल्या मधाच्या बाटलीला आतून पांढरे ओघळ दिसले तर बुरशी समजू नका. मध घट्ट होताना आक्रसतो आणि स्फटिकांत हवा अडकते, तिचे ते डाग.

पाणकणीस
उंबरताई, लहान बाळाला मध देऊ नये म्हणतात, ते खरं का? आमच्या घरात यावरून वाद चालू आहे.

उंबर
अगदी खरं, आणि यात तडजोड नको. १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करतात. मध गरम करून हे बीजाणू मरत नाहीत. शुद्ध-अशुद्धाशीही याचा संबंध नाही.

कंदील
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मध हजारो वर्षं टिकतो हे तरी खरं ना? इजिप्तच्या थडग्यात सापडलेला मध उत्खनन करणाऱ्यांनी चाखून बघितला म्हणतात.

आडवाट
ती गोष्ट सगळीकडे फिरते, पण तिला भक्कम आधार मिळत नाही. पक्का पुरावा हवा असेल तर इटलीतल्या पेस्टमचा घ्या. १९५४ साली तिथल्या एका भूमिगत देवस्थानात इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली काशाची भांडी सापडली, आत चिकट गाळ. त्यात काय होतं यावर कित्येक दशकं एकमत नव्हतं. २०२५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नव्या तंत्राने तपासून तो मधाचा, पोळ्यासकटचा अवशेष असल्याचं दाखवलं. अर्थात तो खाण्याजोगा राहिलेला नाही.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या जगात मधाचा एक वेगळाच उपयोग होता. बॅबिलोनचे लोक मृतदेह मधात ठेवतात असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलंय. स्पार्टाचा राजा अगेसिपोलिस इसवी सनपूर्व ३८० मध्ये मोहिमेवर असताना तापाने गेला, तेव्हा त्याचा देह मधात ठेवून मायदेशी नेला. पुढे दुसरा राजा अगेसिलाउस परदेशात वारला तेव्हा जवळ मध नव्हता, म्हणून सोबतच्या लोकांनी त्याला वितळलेल्या मेणात गुंडाळून नेलं, असं प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो. अलेक्झांडरचा देहही मधात ठेवला होता अशी परंपरागत कथा आहे.

सुतारपक्षी
मध संपला म्हणून मेण! म्हणजे पोळ्याबाहेर काही जायचंच नाही.

मृद्गंध
आडवाट, फार छान प्रतिसाद. मी मातीच्या आणि खताच्या कामात आहे, त्यामुळे मला यात नेमकी उलटी बाजू दिसते.

मधात देह का टिकतो? सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं मोकळं पाणी मधात नसतंच. त्याची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.६ च्या आसपास असते, बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वर लागते. वर सामू (पीएच) सरासरी ३.९, म्हणजे आम्ल. पाणी लागलं की त्यातल्या ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. जिवाणूंनी यावं कुठून?

आता कंपोस्टचा ढीग बघा. तिथे आपण मुद्दाम ओल ५० ते ६० टक्के ठेवतो, हवा खेळती ठेवतो आणि कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५-३० ला १ असं जमवतो. एवढं दिलं की जिवाणू आपसूक कामाला लागतात आणि ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो. शेतावर मेलेली गुरं लाकडाच्या चुऱ्यात पुरून त्यांचं खत करण्याची पद्धत बरीच वर्षं वापरात आहे.

याच पायावर आता माणसांसाठीही सोय झाली आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने मे २०१९ मध्ये तसा कायदा केला, तो १ मे २०२० पासून लागू झाला. पहिलं केंद्र कॅटरिना स्पेड यांच्या रिकंपोज या संस्थेचं, २०२० च्या अखेरीस सुरू झालं. त्याआधी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात मृदाशास्त्रज्ञ लिन कार्पेंटर-बॉग्स यांनी सहा जणांनी दान केलेल्या देहांवर अभ्यास केला होता. नंतर कोलोरॅडो, ओरेगन, व्हरमॉन्ट, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशी राज्यं वाढत गेली. माझ्यापुरतं मी ठरवलंय: सोय असेल तिथे मला हेच हवं.

चकवा
मधाचा धागा उघडला होता ना मी?? जेवताना वाचत होतो हो.

जुनीवाट
मला हे वाचून अस्वस्थ वाटलं, स्पष्टच लिहितो. ज्या माणसाने आपल्याला वाढवलं त्याला भाजीच्या देठांसारखं खतात घालायचं? न्यूयॉर्कमध्ये कायदा होत असताना तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघटनेने साधारण हाच आक्षेप घेतला होता, आणि मला तो पटतो. दफन असो वा दहन, त्यात निरोपाची एक रीत असते. यंत्राच्या पिंपात ती कुठे उरते?

मृद्गंध
@जुनीवाट, तुमची भावना मी मनापासून समजू शकते. कुणावर हे लादावं असं मला मुळीच वाटत नाही. पण 'पिंपात टाकतात' हे चित्र बरोबर नाही, म्हणून प्रक्रिया सांगते.

प्रत्येक देहाला स्वतंत्र पात्र असतं. तळाला आणि वर लाकडाचा चुरा, लसूणघास आणि पेंढा यांचं अंथरूण-पांघरूण. देहात पाणी आणि नायट्रोजन भरपूर, लाकडाच्या चुऱ्यात कार्बन भरपूर, घास जिवाणूंना चटकन खाद्य देतो. पात्रात हवा सोडत राहतात, अधूनमधून ते फिरवतात. रोगजंतू मरावेत म्हणून आतलं तापमान सलग ७२ तास किमान ५५ अंश राहिलं पाहिजे, असा वॉशिंग्टनचा नियम आहे. पात्रात साधारण महिना-दीड महिना, मग बाहेर काढून काही आठवडे मुरवणं. हाडं एवढ्या अवधीत मऊ पडतात पण विरत नाहीत, ती दळून परत मिसळतात. गुडघ्याचे सांधे, स्क्रू वगैरे धातू वेगळे काढतात. माती बाहेर देण्याआधी त्यात रोगजंतू, शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम तपासतात. एका देहातून जवळपास पाऊण घनमीटर माती होते.

सगळ्यांना हे करता येत नाही. क्रॉइट्झफेल्ड-याकोब या प्रायॉनच्या रोगाने गेलेल्यांना नाही, कारण प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, त्या उष्णतेला दाद देत नाहीत. फॉर्मल्डिहाइड भरून टिकवलेला देहही चालत नाही, जिवाणूच मरतील.

दूरदेशी
मी सिएटलमध्ये राहते. माझ्या सहकारिणीच्या आईने स्वतःच हे ठरवून ठेवलं होतं, आणि निरोपाला मला बोलावलं होतं. जुनीवाट, म्हणून तुमच्यासाठी लिहिते.

आजींना साध्या सुती कापडात गुंडाळलं होतं, चेहऱ्याजवळ पेंढ्याची उशी. बाजूला टोपल्यांत फुलं, पानं आणि लाकडाचा चुरा ठेवला होता. एकेकाने पुढे जाऊन ओंजळ भरून वर घालायची, वाटलं तर दोन शब्द बोलायचे. नातवाने खिशातून शंखोट्या काढल्या, तेव्हा तिथल्या बाईंनी हळूच सांगितलं की कुजेल असंच काही घालता येईल. मग त्याने शंखोट्या परत ठेवल्या आणि फर्नचं पान घातलं. कुणी घाई केली नाही. मला तरी त्यात कुठे यंत्र आडवं आल्यासारखं वाटलं नाही.

काही महिन्यांनी सहकारिणीने माती दाखवली. काळी, भुसभुशीत, मधे लाकडाचे बारीक तुकडे, वास पावसानंतरच्या जंगलाचा. थोडी त्यांनी घरी आणली, बाकीची एका राखीव जंगलाला दिली. तशी सोय असते, सगळी माती नेलीच पाहिजे असं नाही.

जुनीवाट
@दूरदेशी, लिहिल्याबद्दल आभार. माझं मत लगेच बदलणार नाही, पण फर्नच्या पानाचं वाचून थांबलो खरा. एक विचारतो, त्या मातीत लोक भाज्या लावतात का?

मृद्गंध
कोलोरॅडोच्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. ही माती विकायची नाही, तिच्यात माणसांच्या खाण्यासाठी काही पिकवायचं नाही, आणि संमतीशिवाय दोघांची माती एकत्र करायची नाही. झाडं आणि फुलं लावा.

ज्यांना पात्र वगैरे नको वाटतं त्यांच्यासाठी नैसर्गिक दफन आहे. इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे १९९३ मध्ये त्यासाठी जंगलातली दफनभूमी सुरू झाली. रसायनं नाहीत, धातूची किंवा पॉलिशची पेटी नाही, वर दगडाऐवजी झाड. खोली मात्र कमी हवी. फार खोल, चिकणमातीत हवाच पोचत नाही, देह विघटित व्हायला खूप वर्षं जातात.

आडवाट
आणि तिसरा पर्याय पाण्याचा. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू डिसेंबर २०२१ मध्ये गेले, त्यांनी अल्कलाइन हायड्रोलिसिस निवडलं होतं. अल्कलीच्या गरम द्रावणात देह विरतो आणि हाडं उरतात, ती दळून राखेसारखी देतात.

कंदील
या सगळ्यात दहन वाईट कसं ठरतं ते कळलं नाही. अर्ध्या दिवसात सगळं आटोपतं.

मृद्गंध
वाईट असं मी म्हटलेलं नाही. पण भट्टीत ८०० ते १००० अंश टिकवायला इंधन लागतं, आणि दातांत भरलेला पारा धुराबरोबर हवेत जातो. त्याच देहातलं कार्बन-नायट्रोजन मातीला मिळावं, एवढंच माझं म्हणणं. ते मी जोर देऊनच मांडणार.

पाणकणीस
घरच्या कुत्र्या-मांजराचं असं खत करता येईल का? आमची म्हातारी मांजर आता थकली आहे, डॉक्टरांनी इंजेक्शनबद्दल विचार करून ठेवायला सांगितलंय.

मृद्गंध
पाणकणीस, वाचून वाईट वाटलं.
इंजेक्शन देणार असाल तर आधीच डॉक्टरांना विचारा की औषध कोणतं. सहसा पेंटोबार्बिटल वापरतात. ते कंपोस्टमध्येही लवकर मोडत नाही, आणि असा देह कोल्ह्या-कुत्र्यांनी किंवा घारींनी उकरून खाल्ला तर त्यांनाही विषबाधा होते. अशा वेळी कंपोस्ट किंवा उथळ खड्डा नको. स्थानिक नियमाप्रमाणे खोल पुरणं किंवा दहन बरं. नैसर्गिकरीत्या गेली तर जाड लाकडी चुऱ्याच्या थरात, भाजीच्या बागेपासून आणि विहिरीपासून लांब, वर जड झाकण ठेवून करता येतं. ढीग वर्षभर हलवू नका.

पाणकणीस
हे औषधाचं कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच विचारते.

रानजाई
मी दोन दिवस आले नाही तर माझा मध पार मातीपर्यंत गेलेला! सगळं वाचलं, एका बैठकीत. जुनीवाट आणि मृद्गंध, तुम्ही दोघं ज्या पद्धतीने बोललात ते फार आवडलं.

पण साठवणीचा प्रश्न तसाच राहिलाय हो. आणि कनोलाचा घट्ट मध खायला कसा काढायचा? चमचा वाकतोय.

उंबर
राहिलंच की. घ्या.

झाकण हवाबंद हवं, बाकी सगळं त्यानंतर. मध हवेतली ओल ओढून घेतो, सैल झाकणाच्या बाटलीत वरचा थर आधी पातळ होतो आणि तिथूनच आंबायला सुरुवात होते. ओला चमचा कधीच नाही. भांडं काचेचं उत्तम. मध आम्ल असल्यामुळे लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम यांच्यात साठवू नका. चांगलं स्टेनलेस स्टील चालतं. पातळ प्लास्टिकमधून सुगंध उडतो आणि बाहेरचे वास आत येतात.

जागा अंधारी आणि गार, शेगडीजवळची फळी नको. १४ अंशांच्या आसपास मध सगळ्यांत वेगाने साखरतो. फ्रिजमध्ये ते मंदावतं, पण मध इतका दाट होतो की काढता येत नाही, आणि आतबाहेर करताना बाटलीवर पाणी धरतं. मुळीच साखरू नये असं वाटत असेल तर छोट्या बाटल्या भरून फ्रीझरमध्ये ठेवा. मेणासकट पोळं असेल तर त्यालाही फ्रीझरच बरा, मेणकिड्याची अंडी मरतात.

तारखेबद्दल. मध सडत नाही पण म्हातारा होतो. उष्णतेने आणि काळाने त्यात एचएमएफ नावाचं संयुग वाढतं, विकरं कमी होतात, रंग गडद होतो, फुलाचा वास जातो. कोडेक्समध्ये एचएमएफची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. छापलेली तारीख मुख्यतः चवीसाठी असते. अकेशियासारखा नाजूक मध आधी संपवा, बकव्हीट आणि चेस्टनट थांबतील.

एक लक्षात ठेवा, साखरलेला मध आंबायचा धोका वाढतो. ग्लुकोज स्फटिकांत गेलं की उरलेल्या द्रवात पाण्याचा वाटा जास्त होतो. १८-१९ टक्के पाण्याचा मध पातळ असताना टिकेल, साखरल्यावर टिकेलच असं नाही.

मोहोळ
कनोलासाठी दोन वाटा. पातळच हवा असेल तर बाटली ४० अंशांच्या पाण्यात ठेवायची. थर्मामीटर वापरा, अंदाज नको. हात सहज बुडवता येईल एवढंच गरम, आणि वेळ लागू द्यायचा. पाणी गार झालं की बदलायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये टाकलात तर कडेचा मध करपतो आणि वास गेला तो गेलाच.

दुसरी वाट मला जास्त आवडते, ती म्हणजे क्रीमसारखा मध. एल्टन डाइस यांनी याची रीत बसवली आणि १९३५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तत्त्व सोपं आहे: स्फटिक होणारच आहेत, तर ते बारीक होऊ द्या. आधी वरच्या पद्धतीने मध पूर्ण पातळ करा, एकही खडा राहू देऊ नका. तो खोलीच्या तापमानाला आला की त्यात दहाव्या हिश्श्याएवढा मुलायम साखरलेला मध बियाणं म्हणून घाला. हलक्या हाताने ढवळा, फेस होऊ देऊ नका. मग बाटली १४ अंशांच्या आसपास ठेवा. आठवडाभरात लोण्यासारखा बसतो आणि तसाच राहतो. बियाणं खरबरीत असेल तर सगळा मध खरबरीत होईल, म्हणून विरजणासारखं ते नीट निवडा.

टिटवी
रानजाई, कनोलाचा करताना थोडा अकेशियाच्या बाटलीतही करून बघाल का? फ्रुक्टोज एवढं असताना बसतो का ते मला बघायचंय.

मोहोळ
टिटवी, अकेशिया सहसा बसत नाही. बियाणं तळाशी जाऊन वर पातळच राहतो. त्यापेक्षा सूर्यफुलाचा घ्या, कनोलाइतकाच हुकमी.

रानजाई
बियाण्यासाठी मुलायम मध मिळाला आहे. उद्या बाटली पाण्यात ठेवते. जंगली मधाचं शेवटचं सांगा: आंबला असला तरी चव वाईट नाही, थोडी दारूकडे झुकलेली आहे. ठेवू का?

मोहोळ
आजच वापरायचा असेल तर ६० अंशांपर्यंत नेऊन अर्धा तास ठेवा, यीस्ट मरतात. मग स्वयंपाकात, भाजलेल्या पदार्थांत संपवा. कच्चा खायला ठेवू नका, तो आंबतच जाईल. आणि ज्याच्याकडून घेतलात त्याला विचारा, रिफ्रॅक्टोमीटरवर पाणी किती दाखवलं होतं. आकडा सांगता आला नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडून घ्या.